चाळीसगाव तालुक्यात प्रगणक म्हणून काढलेला फेब्रुवारी

जिल्हा परिषद शाळेत मास्तर असलं की निवडणूक, मतदार यादी आणि जनगणना यातलं काहीच चुकत नाही. २०११ च्या जनगणनेत मी प्रगणक होतो, म्हणजे घरोघरी जाऊन माहिती लिहून घेणारा. मला मिळालेला गट म्हणजे चाळीसगाव तालुक्यातल्या एका गावाचा अर्धा भाग आणि त्याला लागून असलेला बंजारा तांडा. घरयादी आदल्या वर्षीच झालेली, नजरी नकाशा हातात. ९ ते २८ फेब्रुवारी या काळात घरोघरी जाऊन माणशी २९ प्रश्न विचारायचे होते. प्रशिक्षणात सगळं सरळ वाटलं. गल्लीत शिरल्यावर पहिला प्रश्न मलाच आला: "मास्तर, हाई कशाले लिखी ऱ्हायनात?"

कोणाला वाटे वावर किती ते विचारायला आलो, कोणाला वाटे रेशन बंद होणार. मी कागद मागतच नव्हतो. आधार नाही, सातबारा नाही, काही नाही. तोंडाने सांगितलेलं लिहून घ्यायचं. १९४८ च्या जनगणना कायद्यात स्पष्ट आहे की ही माहिती गुप्त राहते, कोर्टात पुरावा म्हणूनही ती वापरता येत नाही. हे दोन-तीन घरांत नीट समजावलं की पुढची गल्ली आपोआप मोकळी बोलायची. गावात बातमी माझ्याआधी पोहोचते.

त्याच कायद्यातली एक तरतूद मला फार आवडते. ज्याचं नाव घेणं रूढीला धरून नाही, त्या माणसाचं नाव सांगायची बाईवर सक्ती नाही. नवऱ्याचं तर नाहीच. मी नाव विचारलं की म्हाताऱ्या पदर तोंडाला लावायच्या आणि नातू ओरडून आजोबांचं नाव सांगायचा. वयाचंही तसंच. "७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जायची तेव्हा थोरला कडेवर होता," एवढ्यावरून आम्ही दोघांनी मिळून वय काढायचं.

पण खरी गळती नावात किंवा वयात होत नाही, कामाच्या प्रश्नावर होते. "बाई काय करते?" असं विचारलं की ओट्यावर बसलेला कर्ता माणूस सांगणार, "काही नाही, घरीच राहते." ती बाई त्या क्षणी हरभरा उपटून डोक्यावर भारा घेऊन येत असते. दिवाळीनंतर दोन-अडीच महिने कापूस वेचलेला, त्याआधी निंदणी, मजुरीनेही गेलेली. मग मी प्रश्न फिरवायला लागलो. गेल्या वर्षभरात कापूस कोणी वेचला? किती महिने? मग आकडा निघायचा आणि बऱ्याचदा तो सहा महिन्यांच्या वरच असायचा, म्हणजे ती मुख्य काम करणाऱ्यांतच मोडायची. पुरुषाला विचारलं तर बाई बिनकामाची, बाईला विचारलं तर अर्धं शेत तिचं. त्यामुळे माझं आजही सांगणं आहे की प्रगणक आला की घरातल्या बाईने पुढे व्हावं.

लहान लेकरंही अशीच सुटतात. नाव ठेवलेलं नाही म्हणून बारा दिवसांची पोर कोणी सांगत नाही. नाव नसलं तरी बाळ मोजायचंच असतं. आमच्या जळगाव जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे मुली २००१ ला ८८० होत्या, २०११ ला ८४२ झाल्या. काय चाललंय याची ओरड झाली ती या आकड्यामुळे. आकडा नसता तर आम्ही शिक्षक वर्गात मुली कमी दिसतात एवढंच एकमेकांत बोललो असतो.

मातृभाषेच्या रकान्यावर तर रोज वाद. घरात चुलीपासून भांडणापर्यंत सगळं अहिराणीत, आणि लिहिताना "मराठीच लिखा मास्तर". मी म्हणायचो, सांगाल तेच लिहीन, मला बदलायचा अधिकार नाही. पण आत्ता तुम्ही माझ्याशी काय बोलताय? यावर हसू, आणि पुन्हा मराठीच. पुढे भाषेचे आकडे आले. ज्या 'खानदेशी' या नोंदीत अहिराणी धरतात, ती २००१ ला सुमारे २० लाख ७५ हजारांची होती, २०११ ला १८ लाख ६० हजारांवर आली. आता दहा वर्षांत आमची माणसं काय कमी झाली का? ओट्यावर मराठी सांगून मोकळे झालेले त्यात किती असतील, हे मी डोळ्याने पाहिलंय. तांड्यावर निदान माणसं ठामपणे बंजारा भाषा सांगत. पुढे जाऊन ती हिंदीच्या गटात टाकली जाते, तो निराळा राग.

तांड्यावर मात्र अर्ध्या दारांना कुलपं. फेब्रुवारी म्हणजे ऊसतोडीचा ऐन भर. कोयता घेऊन नवराबायको कारखान्यावर, हंगाम संपून पट्टा पडल्याशिवाय परत येणार नाहीत. नियम असा की मोजणीच्या साऱ्या काळात माणूस बाहेरगावी असेल तर त्याला जिथे सापडेल तिथे मोजायचं. म्हणून आजीजवळ ठेवलेली पोरं मी इथे मोजली आणि त्यांचे आईबाप मोजू शकलो नाही. ती माणसं उसाच्या फडाजवळ कोप्यांत राहणार. तिथला प्रगणक त्या कोप्यांपर्यंत गेला असेल तर ठीक. नाही तर ती कुठेच नाहीत, ना इथे ना तिथे. मी तांड्याच्या नाईकांना एवढंच म्हणालो, मुकादमाला फोन लावा, मोजायला कोणी आलं नाही तर तिथल्या तलाठ्याला विचारायला सांगा.

२८ तारखेच्या रात्री बेघरांची मोजणी होती. ते काम स्टेशनकडच्या सहकाऱ्यांकडे होतं, मी फक्त सोबत गेलो. १ ते ५ मार्च पुन्हा फेरी, मधल्या काळात जन्मलेले वाढवायचे, गेलेले कमी करायचे. २८ फेब्रुवारी संपून १ मार्च लागतो ती मध्यरात्र ही रेघ. त्यानंतर जन्मलेलं बाळ आत नाही.

या सगळ्याचा गावाशी संबंध काय, असं विचारणाऱ्यांना मी रेशनचं सांगतो. २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा प्रसिद्ध झालेल्या जनगणनेच्या आकड्यांवर चालतो. त्यावर महाराष्ट्राचा इष्टांक, म्हणजे किती माणसांना हे धान्य द्यायचं त्याची मर्यादा, ठरला, सुमारे सात कोटी माणसांचा. २०२१ ची जनगणना कोविडमुळे लांबली आणि तोच इष्टांक चालत राहिला. कार्डात सुनेचं नाव चढवायला गेलेली माणसं "इष्टांक शिल्लक नाही" ऐकून परत आलेली मी पाहिली आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्राचंही तेच, सपाटीवर ३० हजार लोकसंख्येला एक, आदिवासी भागात २० हजारांना. ग्रामपंचायतीतल्या अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागाही या आकड्यांवरूनच काढतात.

यंदाच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ची मध्यरात्र धरली आहे. म्हणजे माणसांची मोजणी पुन्हा फेब्रुवारीत, पुन्हा ऊसतोडीत. प्रगणकाच्या हातात कागदाऐवजी मोबाइल असेल, घरबसल्या स्वतः माहिती भरायचीही सोय आहे, आणि १९३१ नंतर प्रथमच सगळ्यांची जात नोंदली जाणार. मी आता निवृत्त आहे, सून शिक्षिका आहे, तिला काम लागणारच. तिला मी सांगून ठेवलंय की तांडा शेवटी ठेवू नको, आधी तिथे जा आणि कोण कोणत्या कारखान्यावर आहे ते लिहून आण. शेजारच्या आप्पांना अहिराणीबद्दल पटवायचं काम माझ्याकडे आहे. परवा ओट्यावर ते मला तासभर अहिराणीत समजावत होते की आपली भाषा मराठीच कशी.