चुकलेले प्रश्न जपून ठेवणारा मुलाखतकार

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असे आपण सहज म्हणून जातो आणि ते खरे ठरले की नाही हे बघायला पुन्हा त्या घरी जात नाही. मायकेल ॲप्टेड हे इंग्रज दिग्दर्शक मात्र काही मुलांच्या मुलाखती माहितीपटासाठी घेत दर सात वर्षांनी त्यांच्याकडे जात राहिले, तेही पन्नासहून अधिक वर्षे. मधल्या काळात त्यांनी ‘कोल मायनर्स डॉटर’ (१९८०) केला, ज्यातल्या भूमिकेसाठी सिसी स्पेसेक यांना ऑस्कर मिळाले. १९९९ मध्ये एक बाँडपट केला. अमेरिकेतल्या दिग्दर्शकांच्या संघटनेचे अध्यक्षपदही सांभाळले. हे सगळे मी दोन ओळींत उरकतो आहे, कारण मला लिहायचे आहे ते त्यांच्यातल्या मुलाखतकाराबद्दल. तो पडद्यावर दिसत नाही. कॅमेऱ्यामागून फक्त त्याचा आवाज ऐकू येतो.

सुरुवात १९६४ ची. मँचेस्टरच्या ग्रॅनाडा टेलिव्हिजनच्या ‘वर्ल्ड इन ॲक्शन’ या कार्यक्रमासाठी ‘सेव्हन अप!’ नावाचा एकच माहितीपट करायचे ठरले होते. दिग्दर्शक होते कॅनडाचे पॉल आमंड. केंब्रिजमधून नुकतेच बाहेर पडलेले तेवीस वर्षांचे ॲप्टेड त्यांच्या हाताखाली संशोधनाचे काम करत होते, आणि कॅमेऱ्यासमोर न बुजता बोलतील अशी सात वर्षांची मुले शोधून आणणे ही त्यांची कामगिरी होती. सन २००० मधला कामगार पुढारी आणि सन २००० मधला कंपनी अधिकारी आज सात वर्षांचे आहेत, तेव्हा त्यांना आजच पाहून घेऊ, अशी ती कल्पना होती. म्हणजे निष्कर्ष आधीच ठरलेला होता: इंग्लंडमध्ये माणूस ज्या वर्गात जन्मतो तिथेच राहतो. म्हणून केन्सिंग्टनच्या महागड्या शाळेतली मुले घेतली, पूर्व लंडनच्या गरीब वस्तीतली घेतली, बालगृहातलीही घेतली, आणि मधल्या थरातली मुले जवळपास राहूनच गेली. पुढे ज्या चौदाजणांचा पाठपुरावा झाला त्यांत मुली फक्त चार. स्त्रियांच्या आयुष्यात त्यानंतरच्या दशकांत जी उलथापालथ झाली ती टिपायला आपल्याकडे पुरेशा मुलीच नव्हत्या, याची खंत ॲप्टेड यांनी पुढे अनेकदा बोलून दाखवली.

१९७० मध्ये त्याच मुलांकडे परत जाण्याचे ठरले आणि दिग्दर्शन ॲप्टेड यांच्याकडे आले. एका माहितीपटाची अशी मालिका झाली, आणि पुढच्या भागांना मुलांच्या त्या वेळच्या वयाचे नाव मिळत गेले. चौदा वर्षांच्या मुलांना बोलते करणे किती अवघड असते हे पालकांना वेगळे सांगायला नको. सुझी ही श्रीमंत घरातली मुलगी गवतावर बसून, मान खाली घालून, एकेका शब्दात उत्तरे देते, आणि तेवढ्यात तिच्या मागे एक कुत्रा सशाला पकडून मारतो. मुलाखत चालूच राहते. मला तो प्रसंग फार मोलाचा वाटतो, कारण प्रश्नकर्त्याच्या हातात काय नसते ते त्यात एकाच चौकटीत दिसते.

त्यांची सर्वांत प्रसिद्ध चूक टोनीच्या बाबतीतली. पूर्व लंडनचा हा चुणचुणीत पोरगा सातव्या वर्षी जॉकी होणार म्हणत होता. एकविसाव्या वर्षी तो काही शर्यतींत घोडा पळवून त्या स्वप्नातून बाहेर पडला होता आणि टॅक्सीच्या परवान्यासाठी लंडनचे रस्ते पाठ करत होता. ॲप्टेड यांनी मात्र मनाशी धरले की हा बहुधा गुन्हेगारीकडे वळेल, पुढच्या खेपेला कदाचित तुरुंगात भेटेल. म्हणून त्यांनी त्याला घेऊन वस्तीतल्या बदनाम जागांवर फिरून चित्रीकरण करून ठेवले. पुढे संकलनात उपयोगी पडेल एवढाच हिशेब. टोनी टॅक्सीचालक झाला, संसार केला, घर घेतले. भविष्य वर्तवण्याच्या फंदात पुन्हा पडायचे नाही हा धडा आपण त्यातून घेतला, असे ॲप्टेड सांगत.

नीलचे भविष्य तर कोणालाच वर्तवता आले नसते. लिव्हरपूलच्या उपनगरातला, सातव्या वर्षी उड्या मारत चालणारा हा हसरा मुलगा अठ्ठाविसाव्या वर्षी बेघर होऊन स्कॉटलंडमध्ये भटकताना सापडला. प्रेक्षकांनी त्याची आशाच सोडली होती. बेचाळिसाव्या वर्षी तो लंडनच्या हॅकनी भागाचा निवडून आलेला नगरसेवक होता.

इथे थोडे स्वतःविषयी. दिवाळी अंकांसाठी मी काही मुलाखती शब्दबद्ध केल्या आहेत, आणि माझा एखादा प्रश्न आगाऊ किंवा अडाणी निघाला की छापताना तो गाळून उत्तर तेवढे ठेवायचे, ही माझी जुनी सवय. वाचकाला मुलाखतकार नेहमीच समजूतदार दिसतो तो अशा कात्रीमुळे. ही मालिका ओळीने पाहिल्यापासून ती कात्री चालवताना हात अडखळतो.

या कामाची किंमत बोलणाऱ्यांनीही मोजली. चौदाजणांतला पीटर शिक्षक झाला होता; तो ‘२८ अप’मध्ये थॅचर सरकारच्या शिक्षणधोरणाविरुद्ध बोलला, वृत्तपत्रांनी त्याला झोडपले, आणि तो मालिकेतून बाहेर पडला तो थेट छप्पन्नाव्या वर्षी परतला. केन्सिंग्टनच्या मुलांपैकी चार्ल्स एकविसाव्या वर्षानंतर कधीच आला नाही. गंमत अशी की तो स्वतः माहितीपटांच्याच व्यवसायात गेला.

चार मुलींपैकी जॅकी मात्र येत राहिली आणि भांडत राहिली. एकविसाव्या वर्षी तिला तिच्या दोन मैत्रिणींसोबत सोफ्यावर बसवून ॲप्टेड यांनी लग्न, पुरुष, संसार यांवर विचारले होते. २००५ च्या ‘४९ अप’मध्ये तिने त्यांना तोंडावर सुनावले, की हे आमचे आयुष्य नसून तुम्हाला दिसलेले आमचे आयुष्य आहे, आणि आताही तुम्ही तुम्हाला हवी तशीच काटछाट करणार. संकलनाची खोली ॲप्टेड यांच्याच ताब्यात होती आणि हे बोलणे सहज उडवता आले असते. त्यांनी ते ठेवले. २०१९ चा ‘६३ अप’ हा त्यांचा शेवटचा भाग ठरला, कारण जानेवारी २०२१ मध्ये ते वारले. त्या भागातही जॅकीने ते जुने प्रश्न पुन्हा काढले: जग बायकांसाठी बदलत होते तेव्हा तुम्ही आम्हाला घरसंसाराचेच विचारत बसलात. तेही त्यांनी ठेवले आहे.