लार्विकाइट हाताने पॉलिश करताना: सहाशे नंबरला अडकल्याचा अनुभव

सहाशे नंबरच्या पावडरीपर्यंत लार्विकाइट, म्हणजे निळी झळक मारणारा नॉर्वेतला खडक, शहाण्यासारखा वागतो. सपाट होतो, मऊ राखाडी दिसतो, ओला केला की निळी झाक मारतो, आणि आता तासाभरात आरसा होणार असं वाटायला लागतं. तिथेच तो अडकतो. माझा एकूण वेळ मोजला तर अर्ध्याहून जास्त या एकाच टप्प्यात गेला, आणि चूक या टप्प्याची नव्हतीच याची चीड अजून आहे.

सुरुवातीचं पटकन सांगतो. तळहाताएवढी कापलेली चकती, दहा-बारा मिलिमीटर जाडीची सपाट काच, सिलिकॉन कार्बाइडची घासायची पावडर ८०, २२०, ४०० आणि ६०० नंबरची (नंबर जितका मोठा तितके कण बारीक). काचेवर पाव चमचा पावडर, त्यावर साताठ थेंब पाणी, आणि चकती इंग्रजी आठच्या आकारात फिरवायची. दर दोन मिनिटांनी दगड हातात पाव वळण फिरवा, नाहीतर एक बाजू जास्त झिजते. खरखर थांबली की पावडर मेली असं समजून नवी घ्या. प्रत्येक नंबरआधी पृष्ठभागावर पेन्सिलीने चौकटी आखा. सगळ्या रेषा एकसारख्या पुसल्या गेल्या तर दगड सपाट आहे. मधल्याच रेषा राहिल्या तर तिथे खोलगट आहे, मागच्या नंबरवर परत जा.

आता सहाशे. सीरियम ऑक्साइड, म्हणजे शेवटच्या चमकेची पॉलिश पावडर, दुधाएवढं पातळ कालवलं, लाकडी फळीवर चिकटवलेल्या कडक नमद्यावर दगड घासला, चमक आली. वाळवून दिव्याखाली तिरका धरला तर चमकेच्या आत लांब, सरळ ओरखडे आणि टाचणीच्या टोकाएवढे खळगे. परत सहाशे, परत सीरियम, परत येरे माझ्या मागल्या. यात तीन वेगळे दोष एकमेकांत मिसळलेले असतात आणि तिन्हींवर उपाय वेगळे आहेत, हे कळेपर्यंत पॉलिश पावडर वाया जात राहते.

पहिला दोष लांब एकट्या ओरखड्याचा. हा बाहेरून आलेल्या कणाचा. ८० नंबरचा कण ६०० च्या कणापेक्षा साधारण वीसपट मोठा असतो, त्यामुळे असा एक कण तासाभराचं काम नासवायला पुरतो. तो लपतो चकतीच्या खडबडीत मागच्या बाजूला, कडेच्या भेगेत, नखाखाली आणि बाहीला. नंबर बदलताना दगड टूथब्रशने, साबणाच्या पाण्यात, सगळ्या बाजूंनी घासा. प्रत्येक नंबरची काच आणि बादली वेगळी ठेवा. नमद्यात एकदा जाड कण शिरला की धुऊन निघेल या भरवशावर राहू नका, नमदा बदला.

दुसरा दोष खळग्यांचा, आणि मला सगळ्यात जास्त याने छळलं. लार्विकाइट म्हणजे बहुतेक फेल्डस्पार हे खनिज, आणि फेल्डस्पारला जवळजवळ काटकोनात दोन दिशांनी सहज फुटायची सवय. ८० नंबरवर घाई करून जोर दिला की पृष्ठभागाखाली बारीक भेगा पडतात. त्या तेव्हा दिसत नाहीत. बारीक नंबरवर वरचा थर गेला की त्यातून टवके निघतात. म्हणजे पॉलिशला दिसणारा खळगा ८० वर तयार झालेला असतो, आणि सहाशेवर कितीही घासलं तरी तो जात नाही, उलट नवे उघडतात. उपाय कंटाळवाणा आहे: २२० वर परत जा आणि तिथे दुप्पट वेळ द्या, जोर फक्त दगडाच्या वजनाचा. कापलेली बाजू गुळगुळीत असेल तर ८० ला हातच लावू नका. पुढे जायचं की नाही हे डोळ्यांवर सोडू नका. कोरड्या पृष्ठभागावर काळा मार्कर फासा, लगेच स्पिरिटच्या फडक्याने पुसा. शाई खळग्यांत अडकून ठिपके उरतात. चारशे संपल्यावर ठिपके दिसले तर सहाशेची पावडर उघडायचीही नाही.

तिसरा दोष म्हणजे काळ्या डागांभोवतीचा खोलगटपणा. दगडात कृष्णाभ्रकाची (काळ्या अभ्रकाची, बायोटाइटची) पानं असतात. मोहसच्या एक ते दहा मोजपट्टीवर फेल्डस्पारची कठीणता सहाच्या आसपास, कृष्णाभ्रकाची अडीच-तीन. मऊ गादीवर घासलं की अभ्रक आधी झिजतं आणि ट्यूबलाइटचं प्रतिबिंब तिथे वाकडं होतं. नमदा जितका मऊ तितकं हे वाढतं. सहाशेनंतर कडक लाकडावर ३ मायक्रॉनची हिऱ्याची पेस्ट लावून घासलं तेव्हा हे आटोक्यात आलं, कारण हिरा दोन्ही खनिजं जवळपास सारखीच कापतो. सीरियम त्यानंतर, थोडाच वेळ. नमदा सुकत आला की दगड हाताला ओढल्यासारखा लागतो. खरी चमक त्याच अर्ध्या मिनिटात येते. पूर्ण कोरडा मात्र होऊ देऊ नका, दगड तापून फेल्डस्पार तडकू शकतो.

हे खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं: पहिल्या नंबरआधी चारही कडांना दीड-दोन मिलिमीटरचा उतार द्या. धारदार कडेचे टवके उडून पावडरीत मिसळतात आणि तेच पुढे ओरखडे काढतात.

आणि कापण्याआधीचं एक. निळी झळक रंगाची नाही. दगड थंड होताना फेल्डस्पारच्या आत अतिशय पातळ थर वेगळे होतात, त्यांवरून प्रकाश परततो, म्हणून ती ठरावीक कोनातूनच दिसते. ओबडधोबड तुकडा ओला करून उन्हात फिरवा, सर्वाधिक स्फटिक एकदम चमकतात ती पातळी खडूने आखा आणि तिथेच कापा. चुकीच्या पातळीत कापलेला दगड कितीही घोटला तरी काळपट राखाडीच राहतो.

घासणं नेहमी ओलं. तोंडावर मास्क हवाच, कारण सांडलेला गाळ वाळला की त्याची धूळ उडते. गाळ मोरीत ओतू नका, तो तळाशी बसून पाइप तुंबवतो. बादलीत निवळू द्या, वरचं पाणी टाका, गाळ वाळण्याआधीच पिशवीत बांधा. दगड स्वच्छ करायला व्हिनेगर किंवा दुसरं आम्ल वापरू नका, दगडातले ॲपेटाइट या खनिजाचे कण आणि अभ्रक आम्लाने खाल्ले जातात. आयती पॉलिश केलेली चकती घेणार असाल तर कोपऱ्यावर ॲसिटोनचा बोळा फिरवून बघा. चमक उतरली तर ते मेण किंवा लाख आहे.

मागची बाजू मी घोटत नाही. संग्राहकाला खडकाचा मूळ पोत दिसायला हवा, आणि चिठ्ठी चिकटवायलाही जागा लागते. चिठ्ठीवर ‘ब्लू पर्ल ग्रॅनाइट’ किंवा ‘ब्लॅक लॅब्राडोराइट’ लिहू नका, ही बाजारातली नावं. हा मॉन्झोनाइट या अग्निजन्य खडकाच्या कुळातला खडक, सुमारे २९ ते ३० कोटी वर्षांपूर्वीचा. नॉर्वेतल्या लार्विक गावावरून भूशास्त्रज्ञ ब्रॉगर यांनी १८९० मध्ये त्याला नाव दिलं, आणि २००८ पासून तो नॉर्वेचा राष्ट्रीय खडक आहे. खाणीचं नाव माहीत असेल तर तेही लिहा. पेन्सिलीनेच लिहा, शाई फिकी पडते.