अपवादाने नियम सिद्ध होतो, पण कुठला?

"अपवादाने नियमच सिद्ध होतो" हे आमच्या मामांचं हुकमी वाक्य. आपल्या घराण्यात कुणाला डायबेटिस नाही, असं ते छातीठोकपणे सांगतात. कुणी मावशीच्या इन्शुलिनची आठवण करून दिली, की हे वाक्य टाकून मोकळे! 'द एक्सेप्शन प्रूव्ह्ज द रूल' इंग्रजीतही बहुतेकदा असंच वापरतात. विरोधातला पुरावा आपल्याच खात्यात जमा.

मी वकील. आमच्या धंद्यात याच वाक्याचा अर्थ वेगळा, आणि फार कामाचा. त्याचं मूळ प्राचीन रोममधला नामांकित वकील सिसेरो याच्या एका युक्तिवादात सांगतात. इ.स.पू. 56 मध्ये स्पेनमधल्या गादेसच्या बाल्बसवर खटला झाला, की याचं रोमन नागरिकत्व बेकायदा आहे. सिसेरो म्हणाला, काही जमातींशी केलेल्या तहांत 'यांच्यातल्या कुणाला नागरिक करून घेऊ नये' असं स्पष्ट कलम आहे; म्हणजे जिथे ते कलम नाही, तिथे मुभा आहेच. बाल्बस सुटला, पुढे कॉन्सलही (रोममधला सर्वोच्च पदाधिकारी) झाला. 17व्या शतकात इंग्रज वकिलांच्या तोंडी हेच वाक्य लॅटिन सूत्र म्हणून असे, आणि त्याला एक शेपूट होतं: 'ज्या बाबी वगळलेल्या नाहीत त्यांच्यापुरता'. ते गळालं आणि मामांचं फावलं.

मध्यंतरी एक भाडेकरू आला. मालक म्हणे, गाडी आवारात लावायची नाही, करारात पार्किंगचा उल्लेखच नाही. मी करार चाळला. अकराव्या कलमात एक ओळ होती: 'दर गुरुवारी पाण्याचा टँकर येत असल्याने त्या दिवशी आवारात वाहन लावू नये.' बस! बाकीचे सहा दिवस लावायची परवानगी गृहीत नसेल, तर गुरुवारची मनाई लिहिलीच कशाला? नोटीस पाठवायचीही वेळ आली नाही.

तिसरा एक अर्थ हुशार मंडळी सांगतात: इथे 'प्रूव्ह' म्हणजे पारखणे, छापखान्यातल्या प्रुफासारखं, अपवाद नियमाची परीक्षा घेतो. ऐकायला छान, तर्कालाही धरून. पण लॅटिन सूत्राचं ते शेपूट पाहिलं, की हा अर्थ मागाहून चिकटवल्यासारखा वाटतो. तरी मामांच्या अर्थापेक्षा तो मला केव्हाही चालेल.

आमचंही हत्यार सगळीकडे चालत नाही, हे सांगायला हवं. कायद्यात कधीकधी परंतुक, म्हणजे नियमाला जोडलेलं 'पण'चं कलम, निव्वळ जास्तीची खबरदारी म्हणून, कुणाची शंका फिटावी म्हणून घातलेलं असतं. त्यातून उलटा नियम काढायला गेलं तर कोर्ट ऐकत नाही. भिंतीवर 'येथे लघवी करू नये' लिहिलं म्हणून समोरच्या भिंतीला परवानगी मिळत नाही. आपल्याकडचे बरेच पुरुष मात्र या बाबतीत थेट सिसेरोचे पट्टशिष्य.