काळ्या दगडात पितळी आकडे : सूर्यघडीची चौथी नोंद

मागच्या वेळी तबकडीची आखणी पुरी झाली होती. आता प्रत्यक्ष कापणी सुरू आहे. लादी १२ मिलीमीटर जाड काळ्या बेसॉल्टची, आकडे ५ मिलीमीटर पितळेचे, आणि दोन्ही कापायचे वॉटरजेटवर, म्हणजे पाण्याच्या धारेनं कापणाऱ्या मशीनवर. सकाळच्या ६ पासून संध्याकाळच्या ६ पर्यंतच्या तेरापैकी आठ आकडे बसले आहेत.

इतक्या बारकाईची गरज का पडते, ते आधी सांगतो. पुणे साधारण १८.५ अक्षांशावर आहे. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ आडव्या सूर्यघडीच्या दुपारच्या रेषा फार दाटीनं येतात. ५ ते ६ या तासाला तब्बल ४० अंश मिळतात, पण १२ ते १ ला जेमतेम ४.९. माझी तबकडी दोन फुटी आहे, तरी आकड्यांच्या वर्तुळावर १२ आणि १ यांच्यात फक्त २२ मिलीमीटर जागा उरते. त्यात १६ मिलीमीटर रुंदीचा १२ बसवायचा आणि मधली दगडाची भिंत शाबूत ठेवायची.

लेझरच्या उष्णतेनं दगड तडकतो. वायरकट तारेतून उडणाऱ्या विजेच्या ठिणग्यांनी कापतं, त्याला वीजवाहक धातू लागतो, म्हणजे दगड तिथेही बाद. वॉटरजेटला दोन्हींचं सोयरसुतक नाही. साधारण ३,८०० बार दाबाचं पाणी सुईएवढ्या भोकातून आवाजाच्या दुपटीहून जास्त वेगानं निघतं, वाटेत गार्नेट या कठीण खनिजाची वाळू ओढून घेतं, आणि ती वाळू दगड कणाकणानं खरवडत जाते. कापलेला तुकडा हाताला गारच लागतो.

पहिली लादी फुटली. चूक दगड निवडण्यातली, म्हणजे माझीच. आपल्या बेसॉल्टमध्ये जुन्या वायूच्या पोकळ्या झिओलाइट या पांढऱ्या खनिजानं भरलेल्या असतात. दिसायला ते पांढरे ठिपके फार देखणे, म्हणून मी मुद्दाम तशी लादी घेतली. पण झिओलाइट बेसॉल्टपेक्षा बराच मऊ. धार त्यात शिरली की काप एकदम रुंदावतो, आणि ७ च्या कोपऱ्यात नेमकी अशीच एक गाठ होती. दुसरी लादी ओली करून, उन्हात तिरपी धरून तपासली आणि एकही ठिपका नसलेलीच घेतली. भोक पाडतानाही आता दाब कमी ठेवतो आणि धार आकड्याच्या आतल्या, टाकाऊ भागात उतरवतो. तिथून ती रेषेवर येते. कडेचे कपचे उडणं त्यानं थांबलं.

खरा वेळ खाल्ला टेपरनं. धार खाली जाता जाता जोर गमावते, त्यामुळे काप वर रुंद आणि खाली अरुंद होतो. एका तुकड्यावर तीन वेगांत रेषा मारून फीलर गेजनं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, मोजल्या. मिनिटाला २०० मिलीमीटर वेगात कापाची रुंदी वर १.२४ मिलीमीटर, खाली ०.९२. वेग ९० वर आणला तर १.२० आणि १.०८. ४० वर उलटंच झालं, खालची बाजू १.२२ झाली! धार एकाच जागी जास्त रेंगाळली की तळ खात सुटते. पाच अक्षांचं, डोकं कलवणारं मशीन असतं तर टेपर तिथेच मारता आला असता. भोसरीत मी जातो तिथलं मशीन तीन अक्षांचं आहे.

मग ९० चा वेग कायम केला आणि टेपरलाच कामाला लावलं. दगडातला खाचा वर रुंद, खाली अरुंद. कापलेला पितळी आकडा मात्र वर अरुंद, खाली रुंद. म्हणून आकडे आरशातल्यासारखे उलटे कापायचे आणि पालथे करून बसवायचे. मग दोन्ही उतार एकाच दिशेला येतात आणि आकडा बाटलीच्या बुचासारखा बसतो. मशीनवरचे दादा स्क्रीन बघून म्हणाले, "साहेब, तुमची फाइल उलटी आलीय." कागदावर आकृती काढून दाखवली, तेव्हा त्यांनी स्वतःच सुचवलं की दगड आणि पितळ एकाच दिवशी, एकाच नोझलवर, म्हणजे धार सोडणाऱ्या नळीवर, कापू या. नोझल घासत जाते, काप हळूहळू रुंदावतो. आठवड्यानं कापलेला आकडा त्याच फाइलमधून सैल किंवा घट्ट निघाला असता. आता प्रत्येक खेपेला आधी चाचणीची रेषा मारतो, रुंदी मोजतो, मगच ऑफसेट, म्हणजे धार रेषेपासून किती बाजूला ठेवायची ते अंतर, भरतो.

१० मधलं शून्य सगळ्यात अवघड गेलं. त्याच्या पोटातला ४ मिलीमीटरचा दगडी गाभा कापून होताच मशीनखालच्या पाण्याच्या टाकीत पडणार आणि गार्नेटच्या चिखलात सापडणार नाही. म्हणून दोन ठिकाणी अर्ध्या मिलीमीटरचा सांधा सोडला, घरी आणून हिऱ्याच्या बारीक कानशीनं तोडला. पितळ बसवलं आणि गाभा खालून सरकवला. तोही तसाच उताराचा असल्यामुळे बरोबर अडला.

१२ चे दोन्ही आकडे काल रात्री बसवले. बर, म्हणजे कापल्यावर कडेला उरलेली खरखर, घासून काढली, इपॉक्सीचा गोंद न लावता अंगठ्यानं दाबून पाहिलं. शेवटच्या अर्ध्या मिलीमीटरला हलकासा "टक" आवाज आला आणि नखाला फट लागेना. दगडाची वरची कड धारेनं किंचित गोलावली आहे. ती सगळे आकडे चिकटवल्यावर, दगड-पितळ मिळून हिऱ्याच्या पॅडनं ०.३ मिलीमीटर घासलं की जाईल.

१, २, ३, ४ आणि संध्याकाळचा ६ बाकी आहेत. ४ च्या पोटातही गाभा आहे, त्याला सांधा कुठे सोडायचा ते आज आखतोय.