रोट भाऊबंदकीबाहेर नाही!

आज आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीचं विसर्जन, म्हणून चौथीत निम्मी बाकं रिकामी. आलेल्या एकीला गमतीनं विचारलं, "प्रसादाचा रोट आणला का गं?" डोळे मोठे करून म्हणाली, "मॅडम, रोट भाऊबंदकीबाहेर देतस नही!" मागून एक जण, "आमच्यात कुर्बानीचे तीन वाटे करतात. एक घरचा, एक नातेवाइकांचा, एक गरिबांचा." पावरा आदिवासी पोरगं पुटपुटलं, "आमचा वाघदेव रानातच राहतो."

गणिताचा तास बुडाला, बुडू दे. संविधानाच्या कलम 28 नुसार सरकारी शाळेत धर्माचं शिक्षण मी देऊ शकत नाही, पण पोरं आपसांत बोलतात त्याला कुठे मनाई आहे? मी हजेरीत डोकं घालून ऐकत होते.

मधल्या सुट्टीत त्या रोटवाल्या पोरीनं सगळ्यांना फुटाणे वाटले. मलाही चार मिळाले.