अपडेट झालं आणि सगळ्या मेसेजचा आवाज एकच झाला

फोनला सॉफ्टवेअर अपडेट आलं आणि मी वेगवेगळ्या लावलेल्या सगळ्या मेसेज टोन उडाल्या, आता बँकेचा ओटीपी असो, लोनवाल्यांची जाहिरात असो नाहीतर मळ्यातल्या मोटरचा मेसेज, सगळ्यांना तेच टिंग. त्यात काय एवढं असं घरातसुद्धा ऐकलं म्हणून लिहितेय.

आम्ही राहतो नाशिकला इंदिरानगरात आणि द्राक्षबाग दिंडोरीकडे. विहिरीवरच्या मोटरला सिमकार्डवाला मोबाईल स्टार्टर बसवलाय, थ्री फेज लाईट आली की तो एसएमएस टाकतो आणि मग इथूनच मोटर चालू करता येते. शेतीची लाईट कधी आठवडाभर दिवसा तर कधी आठवडाभर रात्री असते, रात्रीचा आठवडा असला की मेसेज कितीही वाजता येतो, म्हणून त्या नंबरला मी आमच्या बागेत औषध फवारायच्या ब्लोअरचा आवाज रेकॉर्ड करून लावला होता, गाढ झोपेतही कळायचं की उठायचंय. अपडेटनंतर लाईट येऊन गेली, टिंग वाजलं असणार, कोणी उठलंच नाही आणि ड्रीपला पाणी गेलं नाही. मणी फुगायच्या वेळेला पाण्याची पाळी चुकणं काय असतं ते बागाईतदारांना सांगायला नको. खूप वाईट वाटलं खरंच.

मग कारण शोधत बसले. अँड्रॉइडमध्ये टोन लावली की बऱ्याचदा फोन फक्त त्या फाईलचा मीडियाच्या यादीतला नंबर लक्षात ठेवतो. अपडेटमध्ये ती यादी नव्याने बनली तर नंबर बदलतो, जुन्या नंबरावर काही सापडत नाही आणि कंपनीची टोन वाजते. फाईल मात्र फोनमध्येच असते, माझीही होती, त्यामुळे आधी घाबरून जाऊ नका.

फाईल मॅनेजरमधून ती इंटरनल स्टोरेजच्या नोटिफिकेशन्स फोल्डरमध्ये टाका, फोन रिस्टार्ट करा, मग टोन परत निवडा. आणि हे मेसेज अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये नाही तर त्या नंबरच्या चॅटच्या नोटिफिकेशनमध्ये जाऊन करायचं, कारण अँड्रॉइड ८ पासून, म्हणजे २०१७ पासून, नोटिफिकेशनचे वेगवेगळे चॅनल असतात आणि आवाज त्या त्या चॅनलला लागतो. आयफोनवाल्यांना कॉन्टॅक्ट एडिट करून टेक्स्ट टोन बदलता येते.

माझं आता सुरळीत झालंय, ब्लोअर वाजतोय. पण अपडेट इन्स्टॉल करण्याआधी "तुमच्या टोन एकदा तपासा" एवढी एक ओळ फोनवर यायलाच हवी, रात्री मेसेजवर उठणारे आमच्यासारखे खूप लोक आहेत. पुढचं अपडेट मी दिवसाच्या लाईटच्या आठवड्यातच घेणार.