गावठी कोंबडा: रश्श्याची चव साफसफाईत असते

नाशिककडे काळ्या मसाल्याचं कौतुक फार, पण गावठी कोंबड्याचा रस्सा बिघडतो तो बहुधा मसाल्याच्या आधीच. (कोंबडा घ्यायचा तो बाजारातला, पाळलेला. सह्याद्रीतल्या रानकोंबड्याची शिकार 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे.)

सात-आठ महिन्यांचा, दीड-दोन किलोचा कोंबडा उत्तम. पायामागचा काटा बघायचा. तो बोथट, लहान असेल तर कोवळा. लांब आणि टोकदार असेल तर जून. छातीच्या हाडाचं खालचं टोकही दाबून बघा. कोवळ्याचं लवतं, जुनाचं लवत नाही.

कापण्याआधी दहा-बारा तास दाणा बंद, पाणी चालू. भरल्या पोटाचा कोंबडा साफ करताना आतडं फुटतं आणि वास मांसाला लागतो. सुरी धारदार हवी. कापल्यावर दोन-तीन मिनिटं उलटा धरून रक्त पूर्ण निथळू द्यायचं, नाहीतर मांस काळपट पडतं.

पिसं काढायचं पाणी उकळतं नको. साधारण 65 अंश, म्हणजे वाफा येताहेत पण बुडबुडे नाहीत. पाऊण ते एक मिनिट बुडवून हलवत राहायचं, मग शेपटीचं एक पीस ओढून बघायचं. सहज निघालं की बाहेर. उकळत्या पाण्यात कातडी शिजते आणि पिसांबरोबर सोलून येते. पंखांची आणि शेपटीची जाड पिसं आधी, गरम असतानाच काढा. गार झाली की घट्ट बसतात. उरलेली लव जाळावर झपाझप फिरवून जाळायची, मग हळद चोळून धुवायचं. कातडी पिवळी, घट्ट होते आणि तिला तो भाजका वास येतो. कातडी काढून टाकली तर रश्श्याची निम्मी चव गेली.

शेपटीच्या बुडाशी तेलाची गाठ असते, ती कापून टाका. मानेजवळची दाण्याची पिशवी आधी सोडवा, मग खालून लहान चीर देऊन सगळं एकदम ओढा. कलेजीला चिकटलेली हिरवी पित्ताची पिशवी फुटता कामा नये. फुटलीच तर हिरवं लागलेला भाग कापून फेका. धुऊन कडूपणा जात नाही. फासळ्यांत रुतलेली फुप्फुसं बोटाने खरवडा. पेट्याला (दाणे दळणाऱ्या जाड पोटाला) वरवर चीर देऊन आतली पिवळी पिशवी अख्खी सोलून घ्या. अख्खा कोंबडा धुऊन मगच तुकडे करायचे.

कापल्यावर तासा-दोन तासांत मांस आखडतं. लगेच शिजवा, नाहीतर फ्रिजमध्ये सात-आठ तास ठेवून मगच. मधल्या वेळात चुलीवर चढवलं की चिवट राहतं.

किलोभर मांसाला हळद, मीठ, थोडा ठेचलेला लसूण लावून आधी अळणी, म्हणजे तिखट-मसाल्याशिवाय, शिजवायचं. झाकलेल्या पातेल्यात तासभर, जून असेल तर दीड तास. झाकणावर पाणी ठेवा आणि लागेल तसं तेच गरम पाणी आत ओता. मुलांसाठी वाटीभर अळणी पाणी याच वेळी काढून ठेवायचं. वाटणाला तीन कांदे निखाऱ्यावर काळे होईपर्यंत भाजून, 75 ग्रॅम सुकं खोबरं, पंधरा पाकळ्या लसूण, दोन इंच आलं, मूठभर कोथिंबीर. तेलात वाटण तेल सुटेस्तोवर परता, आच कमी करून तीन चमचे काळा मसाला घाला. तापल्या तेलात तो क्षणात करपतो. मग मांस आणि अळणी पाणी ओतून वीस मिनिटं मंद आचेवर. पेटा सुरुवातीलाच, कलेजी शेवटच्या दहा मिनिटांत. बरोबर बाजरीची भाकरी, नाशिकमधल्या त्र्यंबक-पेठकडे नागलीची, म्हणजे नाचणीची.